अवैध खाणकाम आणि दहशतवादाला होणारा अर्थपुरवठा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकांत अनुपालनाचे काम पाहणारे अधिकारी, मौल्यवान धातूंचे व्यापारी, पत्रकार आणि कायद्याचे विद्यार्थी यांच्याकडून या विषयावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचता येईल; मात्र पुनरुक्ती टाळण्यासाठी जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अवैध खाणकाम म्हणजे नेमके काय? परवाना नसलेले प्रत्येक खोदकाम त्यात येते का?

कायद्याच्या अर्थाने, ज्या देशात खनिज काढले जाते त्या देशाचा परवाना नसताना, किंवा परवान्याच्या अटी मोडून, किंवा जिथे खोदण्यास मनाई आहे अशा राखीव क्षेत्रात केलेले खाणकाम अवैध ठरते. पण या एका शब्दाखाली फार वेगवेगळी माणसे येतात. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार जगात सुमारे साडेचार कोटी लोक लहान प्रमाणावरील, हाताने चालणाऱ्या खाणकामावर जगतात. त्यांच्यातील बहुतेकांकडे कागद नसतात, कारण ते मिळवण्याची व्यवस्थाच त्यांच्यापर्यंत पोचलेली नसते. अशा कामाला ‘अनौपचारिक’ म्हणणे अधिक योग्य आहे. नदीपात्रात यंत्रे उतरवून, अधिकाऱ्यांना पैसे चारून आणि बंदूकधाऱ्यांच्या पहाऱ्यात चालणारे उत्खनन ही वेगळी गोष्ट आहे. हा भेद मनात पक्का नसेल, तर पुढची सगळी चर्चा चुकीच्या माणसावर बोट ठेवून सुरू होते.

२. खाणीतला पैसा दहशतवादी गटाच्या हाती पोचतो तरी कसा? ते स्वतः खोदतात का?

क्वचितच. खोदणे हे कष्टाचे, धोक्याचे आणि बेभरवशाचे काम आहे. खोदणाऱ्यांकडून वसुली करणे त्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. म्हणून बहुतेक ठिकाणी गट खाणीत न उतरता खाणीच्या वाटेवर बसतो.

सर्वांत जास्त आढळणारी पद्धत वसुलीची आहे. कोलंबियात ‘ईएलएन’ हा डावा बंडखोर गट आणि पूर्वीच्या ‘फार्क’ या बंडखोर संघटनेतून फुटलेल्या टोळ्या अँटिओकिया, चोको यांसारख्या प्रांतांत सोने काढणाऱ्यांकडून खंडणी घेतात, कुठे यंत्रामागे ठरावीक रक्कम, कुठे उत्पन्नातला वाटा. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल प्रदेशात अल-कायदाशी बांधलेला ‘जेएनआयएम’ हा गट काही भागांत याच वसुलीला जकातीचे धार्मिक नाव देतो. अफगाणिस्तानात सत्तेवर येण्यापूर्वी तालिबान बदख्शानमधील लाजवर्द या निळ्या रत्नखड्याच्या खाणींतून आणि तिथून माल नेणाऱ्यांकडून पैसे घेत असे, तर नांगरहारमध्ये ‘इस्लामिक स्टेट’च्या स्थानिक शाखेने शंखजिऱ्याच्या खाणींवर ताबा मिळवला होता. टाल्कम पावडरीचा कच्चा माल म्हणजे हे शंखजिरे; दिसायला इतका निरुपद्रवी पदार्थ क्वचितच असेल.

दुसरी पद्धत संरक्षणाची. बुर्किना फासोच्या पूर्वेकडील पामा परिसरात सरकारने वन्यजीवांसाठी राखीव ठेवलेल्या क्षेत्रांत खोदकामाला बंदी केली होती. २०१८च्या सुमारास तिथे शिरलेल्या सशस्त्र गटांनी लोकांना सांगितले की आता खुशाल खोदा, आम्ही पाहून घेतो. मोबदल्यात त्यांना पैसा तर मिळालाच, शिवाय गावकऱ्यांची सहानुभूतीही मिळाली, आणि ती पैशापेक्षा मोलाची होती.

तिसरी पद्धत व्यापाराची: खोदणाऱ्यांना आगाऊ रक्कम, डिझेल, सोने वेगळे करायला लागणारा पारा किंवा धान्य द्यायचे आणि माल ठरलेल्या भावाने स्वतःच्या माणसामार्फत उचलायचा. यात गटाचे नाव कुठेही येत नाही, म्हणून तपास करणाऱ्यांना ही साखळी सर्वांत उशिरा दिसते.

याखेरीज खाणीतून पैशाशिवायही बरेच काही मिळते. स्फोटके, डिटोनेटर आणि ते हाताळण्याचे कौशल्य हे खाणीच्या परिसरात सहज उपलब्ध असते. साहेलमध्ये रस्त्यात पेरल्या जाणाऱ्या बॉम्बसाठी खाणकामातून वळवलेले साहित्य वापरल्याचे आढळले आहे. केवळ पैशाचा माग काढणाऱ्या तपासातून ही बाजू निसटते.

३. सगळी चर्चा सोन्यावरच का येऊन थांबते?

सोन्याचे गुणधर्मच तसे आहेत. सोने पाण्यापेक्षा एकोणीस पटींहून अधिक जड असते, त्यामुळे एक लिटरच्या बाटलीएवढ्या जागेत १९ किलोहून अधिक सोने मावते. ते गंजत नाही, कुत्र्यांना त्याचा वास येत नाही, जगातल्या कोणत्याही शहरात त्याचा भाव मिनिटागणिक कळतो, आणि ते जवळ बाळगणे बहुतेक ठिकाणी गुन्हा नसतो. मुख्य म्हणजे ते वितळते. दहा खाणींचे सोने एका मुशीत पडले की त्यांचा इतिहास तिथेच संपतो. अमली पदार्थ शेवटपर्यंत अमली पदार्थच राहतात. बेकायदा सोने मात्र शुद्धीकरणानंतर पूर्णपणे सभ्य होऊन बाहेर पडते.

त्यात भर म्हणजे ते सापडण्याच्या जागा. २०१२ मध्ये सुदानच्या दार्फूरमधील जबल आमिर येथे सोन्याचा मोठा साठा हाती लागला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत सहारा ओलांडून चाड, नायजर, माली आणि मॉरिटानियापर्यंत लोक सोने शोधत पसरले. यातला बराचसा भाग असा होता की जिथे सरकारचे अस्तित्व नावापुरतेच होते. हाताने खोदता येईल इतक्या उथळावर संपत्ती आणि आसपास पोलीस ठाणे नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पुढचे सांगायला नको.

इतर खनिजांचे गणित वेगळे आहे. इलेक्ट्रॉनिक उपकरणांत लागणाऱ्या टँटलम धातूचे खनिज असलेले कोल्टन पोत्यांनी आणि ट्रकांनी न्यावे लागते, त्याला गिऱ्हाईक मोजकेच असते. त्यामुळे त्याची वाट अडवणे तुलनेने सोपे. हिऱ्यांविषयी प्रश्न ८ पाहावा.

४. हे शेवटी मनी लाँडरिंगच नाही का? वेगळा गुन्हा मानण्याचे कारण काय?

मनी लाँडरिंगमध्ये पैसा गुन्ह्यातून आलेला असतो आणि तो स्वच्छ दिसावा हा हेतू असतो. दहशतवादाच्या अर्थपुरवठ्यात पैसा कुठून आला याला दुय्यम महत्त्व असते. तो कुठे चालला आहे यावर गुन्हा ठरतो. पूर्णपणे परवानाधारक खाणीचा कर भरलेला नफाही जाणीवपूर्वक दहशतवादी संघटनेला दिला, तर तो अर्थपुरवठाच. उलट, अवैध खाणीतून मिळालेला पैसा एखाद्या व्यापाऱ्याने आलिशान घरासाठी वापरला, तर ते लाँडरिंग आहे, दहशतवादाचा अर्थपुरवठा नव्हे. अवैध खाणकामात हे दोन्ही प्रवाह पुष्कळदा एकाच वाटेने जातात, म्हणून गोंधळ होतो.

दुसरा फरक रकमेचा. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांच्या संपूर्ण कटाला चार ते पाच लाख डॉलर खर्च आल्याचा अंदाज अमेरिकेच्या चौकशी आयोगाने दिला. मोठ्या रकमा शोधण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेला असे व्यवहार सहज चुकवता येतात. अर्थात, एखादा प्रदेश ताब्यात ठेवून शेकडो लढवय्ये पोसणाऱ्या गटाला सातत्याने पैसा लागतो, आणि तो पुरवण्याची क्षमता खाणीत असते.

५. कोणते आंतरराष्ट्रीय नियम लागू होतात?

पाया तीन गोष्टींचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९ डिसेंबर १९९९ रोजी दहशतवादाच्या अर्थपुरवठ्याविरुद्धचा करार स्वीकारला. तो २००२ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी, म्हणजे १९९९ मध्ये, सुरक्षा परिषदेच्या ठराव १२६७ ने नावानिशी यादी करून मालमत्ता गोठवण्याची पद्धत सुरू केली. २८ सप्टेंबर २००१च्या ठराव १३७३ ने अर्थपुरवठा हा गुन्हा ठरवणे सर्व देशांना बंधनकारक केले.

खाणकामाशी थेट भिडणारे ठराव नंतरचे आहेत. २०१४च्या ठराव २१९५ ने दहशतवादी गट आणि संघटित गुन्हेगारी यांच्यातील संबंधांकडे, नैसर्गिक साधनसंपत्तीच्या चोरट्या व्यापारासह, लक्ष वेधले. जुलै २०१९च्या ठराव २४८२ ने तोच धागा पुढे नेला. त्याआधी मार्च २०१९ मध्ये आलेला ठराव २४६२ वकिलांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, कारण दिलेला पैसा एखाद्या विशिष्ट हल्ल्याशी जोडता आला नाही तरी दहशतवादी संघटनेसाठी जाणूनबुजून पैसा पुरवणे हा गंभीर गुन्हा मानावा, असे तो सांगतो.

या सगळ्याला व्यवहारात दात येतात ते मनी लाँडरिंग आणि दहशतवादाचा अर्थपुरवठा रोखण्याचे निकष ठरवणाऱ्या ‘फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स’ या आंतरसरकारी संस्थेच्या, अर्थात एफएटीएफच्या, शिफारशींमुळे. शिफारस ५ गुन्ह्याच्या व्याख्येविषयी, तर शिफारस ६ मालमत्ता गोठवण्याविषयी आहे. एफएटीएफच्या शब्दार्थसूचीत ‘निधी किंवा इतर मालमत्ता’ यांत तेल आणि इतर नैसर्गिक साधनसंपत्तीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे गोठवण्याचा आदेश केवळ बँकखात्यापुरता नसतो. गोदामातली खनिजाची पोतीही त्याच्या कक्षेत येतात. अनेक देशांच्या कायद्यांत ही तरतूद कागदावर असते, पण पोती ताब्यात घेऊन ठेवायची कुठे, राखायची कुणी आणि विकायची कशी, याची व्यवस्था कुणीच केलेली नसते.

६. हे प्रकरण खरोखर किती मोठे आहे? आकड्यांवर विश्वास ठेवावा का?

जपून ठेवावा. या क्षेत्रात एकूण जागतिक उलाढालीचा जो ठाम आकडा फिरताना दिसतो, त्याच्या मुळाशी बहुधा अंदाजावर रचलेला अंदाज असतो. एक उदाहरण पुरेसे आहे. लोकशाही प्रजासत्ताक काँगोच्या पूर्वेकडील रुबाया परिसरातून जगाच्या टँटलमपैकी सुमारे १५ टक्के माल येतो, आणि २०२४च्या एप्रिल अखेरीस हा भाग ‘एम२३’ या बंडखोर गटाच्या ताब्यात गेला. तिथल्या वसुलीविषयी त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांकडून आधी महिन्याला सुमारे तीन लाख डॉलर हा आकडा आला आणि काही महिन्यांनी तज्ज्ञ गटाकडून सुमारे आठ लाख डॉलर. दोन्ही आकडे जबाबदार लोकांचे होते. फरक मोजण्याच्या पद्धतीचा आणि मिळालेल्या माहितीचा.

अतिशयोक्तीचा धोका खरा आहे. अल-कायदाने पश्चिम आफ्रिकेतील हिऱ्यांच्या व्यापारातून पैसा उभा केला, ही बातमी २००१ नंतर जगभर गाजली. पण अमेरिकेच्या चौकशी आयोगाला त्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. अंगोलात ‘युनिटा’ या आणि सिएरा लिओनमध्ये ‘आरयूएफ’ या बंडखोर गटाने हिऱ्यांच्या पैशावर युद्ध चालवले हे निर्विवाद आहे, तरी त्यावरून दुसऱ्या गटाविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

चोरट्या व्यापाराचे आकारमान त्यामानाने बरे मोजता येते, कारण निर्यातदार देशाची नोंद आणि आयातदार देशाची नोंद शेजारी ठेवून तफावत काढता येते. स्विसएड या संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०२२ या एका वर्षात आफ्रिकेतून ४३५ टन सोने नोंद न होता बाहेर गेल्याचा आणि त्याचा फार मोठा भाग संयुक्त अरब अमिरातीत पोचल्याचा अंदाज आहे. मात्र यातले किती सोने दहशतवादी गटांना स्पर्शून गेले, हे त्या तफावतीवरून कळत नाही. तस्करीचा संपूर्ण आकडा दहशतवादाच्या खात्यावर टाकणारे लेख वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

७. प्रत्येक सशस्त्र गट दहशतवादीच मानायचा का?

नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. एखादा गट सुरक्षा परिषदेच्या यादीत असतो, एखादा फक्त एका देशाच्या किंवा युरोपीय संघाच्या यादीत, तर एखाद्यावर निर्बंध असतात पण ‘दहशतवादी’ हे लेबल नसते. याद्या बदलतातही: कोलंबियातील ‘फार्क’ला अमेरिकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या यादीतून काढले आणि त्याच वेळी शस्त्रे खाली न ठेवणारे फुटीर गट यादीत घातले. त्यामुळे व्यवहाराच्या दिवशी कोणती यादी लागू होती, हे प्रत्येक फाइलमध्ये नोंदवलेले असावे.

खनिज खरेदी करणाऱ्याने मात्र या वादात अडकू नये. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, २०११ मध्ये संघर्षग्रस्त आणि धोक्याच्या क्षेत्रांतून येणाऱ्या खनिजांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिचा निकष सोपा आहे: पुरवठादार बिगर-सरकारी सशस्त्र गटाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष मदत करतो असा वाजवी धोका दिसला, की खरेदी ताबडतोब थांबवायची. गटाच्या नावापुढे कोणते लेबल आहे हा प्रश्न तिथे येतच नाही.

८. हिऱ्यांसाठी किंबर्ली प्रक्रिया आहे, तशी सोन्यासाठी का नाही?

किंबर्ली प्रक्रिया ही हिऱ्यांच्या प्रमाणीकरणाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था १ जानेवारी २००३ पासून चालते आणि पैलू न पाडलेल्या हिऱ्यांच्या प्रत्येक खेपेसोबत सरकारी प्रमाणपत्र असावे, अशी तिची अट आहे. कच्चा हिरा वितळत नाही, त्यामुळे हे निदान शक्य तरी आहे. सोन्याच्या बाबतीत प्रमाणपत्र कशाला चिकटवायचे हाच प्रश्न पडतो (प्रश्न ३ पाहा). शिवाय मध्यवर्ती बँकांपासून घरातल्या दागिन्यांपर्यंत सर्वत्र असलेल्या वस्तूला सरकारी दाखल्याची सक्ती करणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही.

आणि किंबर्लीचे कौतुकही बेताने करावे. तिच्या व्याख्येत फक्त बंडखोर गटांनी वैध सरकार उलथवण्यासाठी वापरलेले हिरे येतात. सरकारच्याच सैनिकांनी खाणीवर अत्याचार केले तर तो माल ‘संघर्षाचा’ ठरत नाही. झिम्बाब्वेतील मरांगे हिरेक्षेत्राच्या वेळी ही उणीव उघडी पडली.

९. मग अशा भागातल्या खाणी सरळ बंद का करत नाहीत?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्यांना उत्तर बहुधा आवडत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये काँगोचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जोसेफ कबिला यांनी पूर्वेकडील प्रांतांतले खाणकाम थांबवण्याचा आदेश दिला. तो काही महिने टिकला. त्याच वर्षी अमेरिकेच्या डॉड-फ्रँक कायद्याच्या कलम १५०२ ने कंपन्यांना काँगो व शेजारच्या देशांतील कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने यांविषयी माहिती देणे भाग पाडले. अनेक कंपन्यांनी चौकशीची कटकट नको म्हणून त्या भागातून खरेदीच सोडली. कायद्याचा हेतू चांगला होता, पण त्याची पहिली झळ खाणमजुरांच्या चुलीला लागली. ज्यांना सोडून जाणे शक्य होते ते सोन्याकडे वळले, म्हणजे ज्या खनिजावर नजर ठेवणे सर्वांत कठीण त्याच्याकडे.

मध्य साहेलमध्ये, म्हणजे माली, बुर्किना फासो आणि नायजर या तीन देशांत, वीस लाखांहून अधिक लोक हाताने सोने काढतात असा इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुपचा २०१९चा अंदाज आहे. इतक्या लोकांना बेकायदा ठरवून घरी पाठवणे कोणत्याही सरकारला जमणारे नाही. प्रयत्न केला तर काय होते ते पामाच्या उदाहरणात दिसले (प्रश्न २). आमच्या मते दबाव खड्ड्यावर न टाकता साखळीच्या निमुळत्या मानेवर टाकावा. खोदणारे लाखो असतात, गावातले खरेदीदार हजारो, निर्यातदार शेकडो. आणि सोन्या-चांदीच्या घाऊक बाजाराचे निकष ठरवणाऱ्या लंडन बुलियन मार्केट असोसिएशनच्या मान्यतेच्या यादीतील सोन्याच्या रिफायनऱ्या तर साठ-सत्तरच्या घरात. खोदणाऱ्याला परवाना, योग्य भाव आणि सरकारी खरेदी केंद्र मिळाले, तर वाटेवर बसलेल्या गटाचे एक आमिष कमी होते. अर्थात सुरक्षा दल तिथे पोचू शकत नसेल, तर केवळ परवान्याने काही होत नाही, हेही मान्य करायला हवे.

१०. गटाला खंडणी देणारा मजूर किंवा कंपनी गुन्हेगार ठरते का?

मजुराच्या बाबतीत १९९९च्या करारातील (प्रश्न ५) ‘स्वेच्छेने’ हा शब्द निर्णायक आहे. कपाळावर बंदूक ठेवून घेतलेला वाटा स्वेच्छेने दिलेला म्हणता येत नाही, आणि बहुतेक न्यायव्यवस्थांत धाकदपटशाखाली केलेल्या कृतीला बचाव मिळतो. जून २०२१ मध्ये बुर्किना फासोतील सोलहान या सोन्याच्या खाणीजवळच्या गावावर झालेल्या हल्ल्यात सरकारी आकड्यानुसारच किमान १३२ जण मारले गेले. अशा ठिकाणी ‘पैसे का दिलेत’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी थोडे थांबावे.

कंपनीची गोष्ट निराळी, कारण तिला काम बंद करून निघून जाण्याचा पर्याय असतो. फ्रेंच सिमेंट कंपनी लाफार्ज हिने सीरियातला कारखाना चालू ठेवण्यासाठी इस्लामिक स्टेट आणि अल-कायदाशी जोडलेली नुस्रा आघाडी यांना मध्यस्थांमार्फत पैसे दिले. कच्चा मालही इस्लामिक स्टेटच्या अखत्यारीतील पुरवठादारांकडून घेतला. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि सुमारे ७७.८ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. सिमेंटचा कच्चा माल म्हणजे खाणीतला दगडच, त्यामुळे हा खटला खाणक्षेत्रातल्या प्रत्येकाने मुळातून वाचावा असा आहे. ‘आम्ही थेट दिले नाही, ठेकेदाराने दिले’ हा युक्तिवाद तिथे उपयोगी पडला नाही.

११. बँकेने किंवा सोन्याच्या व्यापाऱ्याने कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावे?

एकटी खूण फारसे काही सांगत नाही. दोन-तीन एकत्र आल्या की थबकावे. ज्या देशात किंवा जिल्ह्यात सोन्याची ज्ञात खाण नाही तिथून माल येणे, खाणीच्या क्षमतेपेक्षा जास्त उत्पादन दाखवले जाणे, नवी कंपनी सुरू होताच मोठी निर्यात करणे, बाजारभावापेक्षा लक्षणीय कमी भावाने माल देण्याची तयारी, विक्रेत्याच्या देशाशी संबंध नसलेल्या तिसऱ्या देशातील खात्यात पैसे मागणे, आणि खऱ्या लाभधारक मालकाचे नाव विचारले की टाळाटाळ होणे, या खुणा पुन्हा पुन्हा दिसतात. खाणभागातील लहान गावात डिझेल, पारा किंवा यंत्रांचे सुटे भाग यांवर होणारा अवाजवी रोख खर्चही बोलका असतो. सोने हवाल्यातील देणी चुकती करण्यासाठीही वापरले जाते, त्यामुळे मालाची हालचाल आहे पण पैशाची नाही असा व्यवहार दिसला तर तो विसंगत म्हणून सोडून देऊ नये.

एफएटीएफच्या शिफारस २२ नुसार मौल्यवान धातूंच्या व्यापाऱ्याने १५,००० डॉलर किंवा युरो आणि त्याहून अधिक रोखीच्या व्यवहारात ग्राहकाची ओळख पटवणे अपेक्षित आहे. देशोदेशीच्या कायद्यात ही मर्यादा वेगळी असू शकते. मर्यादेखालच्या तुकड्यांत पाडलेले व्यवहार एकत्रच मोजायचे असतात.

१२. संशय आला तर व्यवहार लगेच थांबवायचा आणि ग्राहकाला सांगायचे का?

येथे दोन परिस्थिती वेगळ्या आहेत. ग्राहकाचे नाव निर्बंधांच्या यादीत सापडले, तर मालमत्ता विनाविलंब आणि पूर्वसूचना न देता गोठवावी लागते. नुसता संशय असेल, तर आपल्या देशाच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला संशयास्पद व्यवहाराचा अहवाल द्यायचा आणि ग्राहकाला त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही. तसे सांगणे हाच बऱ्याच देशांत गुन्हा आहे.

१३. सोने कोणत्या खाणीतले आहे हे प्रयोगशाळेत ओळखता येते का?

शुद्धीकरणापूर्वी काही प्रमाणात येते. कच्च्या सोन्यात चांदी, तांबे आणि इतर मूलद्रव्यांचे जे अंश असतात, त्यांची लेसरने तपासणी करून ज्ञात नमुन्यांशी तुलना करता येते. अडचण अशी की त्या खाणीचा नमुना आधी संग्रहात असावा लागतो. रिफायनरीतून बाहेर पडलेल्या चोख सोन्यावर, विशेषतः अनेक ठिकाणचा माल एकत्र झाला असेल तर, ही परीक्षा निष्प्रभ ठरते. न्यायालयात हा पुरावा कागदपत्रांना दुजोरा म्हणून चालतो, त्यांच्याऐवजी नाही.

१४. प्रवासी हातातल्या बॅगेत सोने नेतात. रोख रकमेसारखे तेही जाहीर करावे लागत नाही का?

येथे नियमांत एक विचित्र पोकळी आहे. सीमेपार जाणाऱ्या रोख रकमेविषयीच्या एफएटीएफच्या शिफारस ३२ मधून सोने, मौल्यवान धातू आणि रत्ने स्पष्टपणे वगळली आहेत. काही देशांत सीमाशुल्काचे नियम त्यांना लागू होतात, पण तो हेतू महसुलाचा असतो, अर्थपुरवठा रोखण्याचा नव्हे. युरोपीय संघाने जून २०२१ पासून आपल्या रोख-नियंत्रण नियमांत सोने आणले. त्यामुळे १०,००० युरो किंवा त्याहून अधिक मूल्याची किमान ९० टक्के सोन्याची नाणी आणि किमान ९९.५ टक्के शुद्धतेच्या लगडी जाहीर कराव्या लागतात. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण खाणीजवळ ओतलेल्या कच्च्या लगडीची शुद्धता बहुधा याहून कमी असते, म्हणजे ज्या मालाची खरी काळजी करायला हवी तोच व्याख्येबाहेर राहतो.

१५. पुनर्वापरातले, म्हणजे मोडीचे सोने सुरक्षित मानावे का?

नियमांनी ते बराच काळ कमी धोक्याचे मानले, आणि म्हणूनच ते पळवाट बनले. खाणीतले सोने एकदा ओबडधोबड दागिन्याच्या रूपात ओतले की कागदावर ते ‘मोड’ होते आणि मूळ खाण विचारण्याचे कारणच उरत नाही. युरोपीय संघाचा २०२१ पासून लागू असलेला संघर्षग्रस्त खनिजांचा नियम वर्षाला १०० किलोपेक्षा कमी सोने आणणाऱ्या आयातदाराला लागू होत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे. मोडीच्या मोठ्या खेपेबाबत विचारायचा प्रश्न साधा आहे: इतकी मोड निर्माण होईल एवढी दागिन्यांची बाजारपेठ त्या देशात आहे का?

१६. गटानेच सरकार ताब्यात घेतले, तर तिथल्या खाणी अजूनही ‘अवैध’ का?

आमच्याकडे आलेल्या प्रश्नांपैकी हा सर्वांत अवघड. ऑगस्ट २०२१ पासून अफगाणिस्तानात खाणपट्टे देणारे मंत्रालयच तालिबानच्या हाती आहे. पूर्वी खंडणी म्हणून घेतला जाणारा पैसा आता स्वामित्वधन (रॉयल्टी) म्हणून पावतीसह घेतला जातो. स्थानिक कायद्याने असे खाणकाम परवानाधारक ठरते, म्हणून ‘अवैध खाणकाम’ हा शब्द तिथे लागू करणे कठीण आहे. परंतु दहशतवादाच्या अर्थपुरवठ्याचा आणि निर्बंधांचा विचार खाणीच्या वैधतेवर अवलंबून नसतो (प्रश्न ४). सुरक्षा परिषदेच्या ठराव १९८८ नुसार तालिबानवरील निर्बंध पाहणाऱ्या समितीच्या यादीत आजही त्या सरकारातील अनेक वरिष्ठांची नावे आहेत. त्यांच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालील संस्थेशी केलेला करार निर्बंधांचा भंग ठरू शकतो. डिसेंबर २०२१च्या ठराव २६१५ ने दिलेली सवलत मानवतावादी मदत आणि मूलभूत गरजांपुरती आहे. खाणीत गुंतवणूक करणाऱ्याला ती ढाल म्हणून वापरता येणार नाही. त्यातच रशियाने जुलै २०२५ मध्ये या सरकारला मान्यता दिली, त्यामुळे एकच खाणकरार एका देशाच्या दृष्टीने दोन सरकारांमधल्या व्यापाराचा भाग आणि दुसऱ्या देशाच्या दृष्टीने फौजदारी तपासाचा विषय, अशी स्थिती येऊ शकते. अशा करारावर सही करणाऱ्याने आपल्या देशाच्या, आपल्या बँकेच्या देशाच्या आणि ज्या चलनात पैसे फिरणार त्या देशाच्या, अशा तिन्ही कायद्यांचा लेखी सल्ला सही करण्यापूर्वीच घ्यावा.